कातीव लाकूड कला-दालनात : हाताचे काम, नावासह

आपल्या निवासी शाळेच्या ग्रंथालयातील काचेच्या कपाटात, ढाली आणि चषकांच्या रांगेत, गेल्या दोन वर्षांपासून बाभळीच्या लाकडाची एक वाटी ठेवलेली आहे. व्यास सात इंचांचा, आतला रंग गडद तांबूस, काठावर फिकट पिवळा पट्टा. उचलून पालथी केली, तर तळाशी बारीक अक्षरांत करणाऱ्याचे नाव, गाव, लाकडाची जात आणि वर्ष एवढे चार तपशील दिसतात. ही वाटी परीक्षकांनी निवड केलेल्या एका कला-प्रदर्शनात मांडली गेली होती. ती घडविणारा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात, म्हणून तो पाचवीत वसतिगृहात आला. दहावीनंतर पुण्याजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागला आणि तेथे टेबलांचे पाय व जिन्याचे कठडे कातता कातता लेथवर त्याचा हात बसला.

कपाटापुढे थांबणारे पालक आणि माजी विद्यार्थी मला सहसा तीन प्रश्न विचारतात. पहिला, ‘गुरुजी, ही कला म्हणायची की सुतारकाम?’ दुसरा, ‘असल्या प्रदर्शनात वस्तू पाठवायची कशी?’ तिसरा प्रश्न थोड्या दबक्या आवाजात येतो. ‘बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. मग आपल्या पोरांनी पुन्हा हातात हत्यार का धरायचे?’ स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडावीत असे वाटले. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड असल्याने त्याच्याकडे वळसा घेऊनच जावे लागेल.

कातकाम म्हणजे काय?

सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार फिरते. कातकामात लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर धरले जाते. दोन टोकांमध्ये घट्ट बसविलेला लाकडाचा तुकडा स्वतःभोवती वेगाने फिरू लागला, की आधारावर टेकवलेली पटाशी त्याला हलकेच लावायची. ढलपी सुटते आणि उरतो तो आकार गोल असतो. पूर्वी लाकडाला दोरीचा वेढा देऊन एकजण ती मागेपुढे ओढत असे आणि दुसरा पटाशी धरत असे. आता तेच काम विजेची मोटर करते. हे काम करणाऱ्याला जुन्या मराठीत ‘कातारी’ हा नेमका शब्द आहे.

आपल्या घरात कातीव वस्तू कमी नव्हत्या. लाटणे, ताक घुसळण्याची रवी, भोवरा, बाजेचे खूर, पाळण्याचे खांब, पांगुळगाड्याची चाके, बुद्धिबळाच्या सोंगट्या ही सगळी कातकामाचीच लेकरे. वाटी किंवा डबी करायची असेल, तर लाकूड एकाच बाजूने पकडून दुसऱ्या बाजूने आत पोकळ करीत जावे लागते. हे काम लाटण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते. भिंत कोठे किती जाड उरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांना आणि कानांना कळावे लागते. पटाशीचा आवाज बारीक होत गेला, की भिंत पातळ होत आहे हे जाणकार ओळखतो.

महाराष्ट्रात या कलेचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारआळीतील लाकडी फळे, खेळणी आणि रंगीत पाट अनेकांनी पाहिले असतील. सावंतवाडीचे चितारी कारागीर गंजिफाची पाने रंगवीत आणि लाकडावर लाखेचे कामही करीत. शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण हे खेळण्यांचे गाव आहे. तेथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या पात्याने घासून तिला झळाळी आणतात. आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथे हीच लाख वनस्पतिजन्य रंगांनी रंगविण्याची पद्धत पुन्हा रुजविणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. लेथवरचे काम राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोहोचू शकते, याचे हे अलीकडचे उदाहरण.

तथागतांचा कातारी आणि कार्ल्याचा सुतार

कातकामाची आठवण आपल्या धम्मवाङ्मयात किती आतवर रुजली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सतिपट्ठान सुत्तात तथागत श्वासाविषयीची सजगता समजावून सांगतात, तेव्हा ते ‘भमकार’ म्हणजे कातारी आणि त्याचा शागीर्द यांचा दृष्टान्त देतात. कुशल कातारी लांब फेरा घेतो तेव्हा आपण लांब फेरा घेत आहोत हे जाणतो, आणि आखूड फेरा घेतो तेव्हा तो आखूड आहे हे जाणतो. साधकानेही आपला दीर्घ व ऱ्हस्व श्वास तसाच जाणावा, असे तेथे सांगितले आहे. ध्यानाचा आदर्श म्हणून राजा किंवा पुरोहित न निवडता हाताने काम करणारा माणूस निवडला जातो, ही गोष्ट मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार मोलाची वाटते. दहा वर्षांच्या मुलांना आनापान शिकवताना मी हाच दृष्टान्त सांगतो आणि तो त्यांना लगेच कळतो.

दुसरा पुरावा दगडावर कोरलेला आहे. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला आजही लाकडी फासळ्या आहेत. दगडात लेणे कोरणाऱ्यांनी लाकडी इमारतीचे रूपच डोळ्यांपुढे ठेवले होते. याच लेण्यातील एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या ‘वढकी’ने, म्हणजे सुताराने, चैत्याचे मुखद्वार केल्याची नोंद आहे. तो आपल्या पित्याचे नावही देतो : वेणुवास. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक सुतार आपले नाव, पित्याचे नाव, गाव आणि व्यवसाय महाविहाराच्या दारात अभिमानाने कोरून ठेवतो.

सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचे आणि तिच्या व्याजातून भिक्खूंचा खर्च चालवावयाचा असल्याचे नमूद आहे. म्हणजे ज्या समाजव्यवस्थेत बुद्धाचा धम्म प्रबळ होता, तेथे कारागिराला नाव होते, दानाचा अधिकार होता आणि बाजारात पतही होती.

कला आणि कारागिरी यांच्यामधली भिंत

पुढे हे नाव पुसले गेले. बलुतेदारीच्या चौकटीत सुतार, लोहार, चांभार, महार ही माणसांची नावे न राहता कामाची आणि जन्माची नावे झाली. केलेल्या कामाबद्दल मिळणारे बलुते धान्याच्या रूपात खळ्यावर मिळे, वस्तूवर करणाऱ्याचे नाव नसे. आपल्या बीड शहराच्या कातडी छागली एकेकाळी दूरवर प्रसिद्ध होत्या आणि इंग्रजी गॅझेटियरने त्यांची दखल घेतली होती. उन्हाळ्याच्या प्रवासात ज्या छागलींनी सरदार-सावकारांना थंड पाणी पाजले, त्या शिवणाऱ्या एकाही हाताचे नाव आपल्याला माहीत नाही.

या जुन्या भिंतीवर इंग्रजी राजवटीने दुसरा थर चढविला. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात भारतीय वस्तूंची वाहवा झाली, पण ती ‘उद्योग’ म्हणून. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी जोडलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय हस्तोद्योगांवर मोठा ग्रंथ लिहिला. हस्तोद्योगांचे त्यांना मनापासून कौतुक होते. पण भारतात ‘ललित कला’ आहे हे मानायला ते तयार नव्हते. १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌सच्या सभेत जावा बेटावरील ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे निर्देश करून त्यांनी तिची तुलना चरबी घालून उकडलेल्या एका इंग्रजी पक्वान्नाशी केली. त्याविरुद्ध तेरा कलावंत व समीक्षकांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून निषेध नोंदविला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली.

ही कथा सांगण्याचे कारण असे की ‘हे काम आहे, कला नव्हे’ हा निवाडा नेहमी वस्तूकडे पाहूनच दिला जातो असे नाही. पुष्कळदा तो करणाऱ्याकडे पाहून दिला जातो. आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी एका ठिकाणी वाटी नेली, तेव्हा स्वीकारणाऱ्या टेबलावरील गृहस्थ म्हणाले, ‘हे फर्निचरवाल्याचे काम दिसते, येथे शिल्प घेतात.’ वाटी त्यांनी हातातसुद्धा घेतली नव्हती.

मग आपल्या मुलांनी हत्यार का धरावे?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तो विचारणाऱ्यांची भीती खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर काम लादले गेले, त्यांना ‘परंपरागत कौशल्य जपा’ हा उपदेश गोड वाटणे शक्य नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात दाखवून दिले आहे की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही. तिने श्रमिकांचीच एकमेकांपासून विभागणी केली आणि त्यांना पायऱ्यांवर वरखाली बसविले. त्या व्यवस्थेत माणसाची आवड आणि योग्यता यांना स्थान नाही. जन्म हाच व्यवसाय ठरवितो. लाहोरच्या मंडळाने हे भाषण होऊ दिले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले.

हा विचार नीट ध्यानात घेतला, तर बाभळीच्या वाटीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आपल्या विद्यार्थ्याच्या घराण्यात कोणी कातारी नव्हते, कोणी सुतार नव्हते. हे काम त्याला जन्माने मिळाले नाही. त्याने ते पाहिले, त्याला ते आवडले आणि त्याने ते शिकून घेतले. म्हणजे बाबासाहेब ज्या स्वातंत्र्याविषयी बोलत होते, ते येथे प्रत्यक्षात आले आहे. बापाचे हत्यार बेटावर लादणे ही जात झाली. मुलाने आपल्या आवडीचे हत्यार निवडणे, त्याचा मोबदला स्वतः ठरविणे आणि वस्तूवर स्वतःचे नाव लिहिणे हे जातीचे उलट टोक आहे.

तरीही त्याचे वडील दोन वर्षे नाराज होते. ‘कोयता सुटला आणि पटाशी आली, फरक काय पडला?’ असे ते मला म्हणाले होते. त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक, पुस्तकातले सांगू शकत होतो. पण ज्याने तीस हंगाम फडात काढले, त्याच्यापुढे पुस्तकातले वाक्य फेकणे मला प्रशस्त वाटले नाही. उत्तर पुढे मिळाले, ते लेखाच्या शेवटी सांगतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. शिक्षणाला पर्याय म्हणून मी कातकाम सुचवीत नाही. दहावी-बारावी अर्धवट सोडून लेथवर उभे राहा, असे कोणी या लेखातून वाचू नये. प्रवेशिका भरता येणे, नियम वाचता येणे, आपल्या कामाविषयी चार वाक्ये लिहिता येणे आणि किंमत ठरविता येणे हे सारे शिक्षणाचेच फळ आहे.

कोणत्या दारी जावे?

परीक्षक-निवडीचे प्रदर्शन म्हणजे जेथे पैसे भरून कोणालाही जागा मिळत नाही. आलेल्या कामांतून परीक्षक मंडळ निवड करते, निवडलेलीच कामे मांडली जातात आणि त्यांतून काहींना पारितोषिके मिळतात. जत्रेतील किंवा हस्तकला मेळाव्यातील गाळा ही वेगळी गोष्ट आहे. तेथे विक्री महत्त्वाची असते. दोन्ही चांगलेच, पण दोहोंची गल्लत करू नये.

शालेय विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचे दार ‘कला उत्सव’ हे आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०१५ पासून सुरू केलेल्या या उपक्रमात नववी ते बारावीचे विद्यार्थी जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पातळ्यांवर भाग घेतात. दृश्यकलेत त्रिमितीय कामाला आणि देशी खेळण्यांनाही त्यात स्थान मिळालेले आहे. कातीव भोवरा किंवा पांगुळगाडा तेथे अगदी शोभून दिसतो.

प्रौढ कलावंतांसाठी राज्याच्या कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आहे. त्यात कलावंतांचा आणि विद्यार्थ्यांचा असे स्वतंत्र विभाग असतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा घेणारे हेच ते कार्यालय, म्हणून आपल्या पालकांना त्याचे नाव परके नाही. मुंबईत १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी दरवर्षी अखिल भारतीय प्रदर्शन भरविते. दिल्लीची ललित कला अकादमी १९५४ साली स्थापन झाली आणि तिचे राष्ट्रीय कला प्रदर्शन पुढच्याच वर्षी सुरू झाले. या ठिकाणी ‘हस्तकला’ असा रकाना असेलच असे नाही. कातीव काम ‘शिल्प’ विभागात पाठवायचे, तर त्यात वापरण्याच्या वस्तूपलीकडे आकाराचा विचार दिसला पाहिजे.

हस्तकलेची वाट वेगळी आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून १९६५ पासून राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कार दिले जातात. त्यासाठी वयाची ३० वर्षे आणि कामाचा १० वर्षांचा अनुभव अशी अट असते. याच कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळते आणि मेळाव्यांसाठी ते उपयोगी पडते. अटी वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून त्या वर्षाचे नियमपत्रक हाती घेतल्याशिवाय कामाला लागू नये.

वस्तू पाठविण्यापूर्वी

आमच्या दोन वर्षांच्या धडपडीतून आणि जाणकारांशी झालेल्या बोलण्यातून जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट लाकडाची. तोडलेल्या झाडाचे ओले लाकूड वाळताना आकसते आणि सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. म्हणून ते तडकते किंवा गोल वाटी लंबगोल होते. उपाय असा, की ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ठेवावा. मग वाटी आधी जाडसर कातून घ्यावी. व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीची भिंत ठेवावी, म्हणजे आठ इंची वाटीला पाऊण इंचाहून थोडी अधिक. ती सावलीत, कागदी पिशवीत काही महिने वाळू द्यावी. दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहावे. वजन उतरायचे थांबले, की लाकूड हवेशी जुळले असे समजावे आणि मग अंतिम आकार द्यावा. आपल्याकडे बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा ही लाकडे सहज मिळतात. झाड तोडण्याची गरज नाही, वादळात पडलेली फांदी पुरते.

येथे बीडकरांनी एक विशेष काळजी घ्यावी. आपल्या मे महिन्यातील हवा कोरडी आणि मुंबईची पावसाळी हवा ओलसर. येथे उन्हाळ्यात नेमकी बसलेली डबीची टोपी तेथे दमट हवेत फुगून अडकते. परीक्षकाच्या हातात डबी उघडलीच नाही, तर काम कितीही सुंदर असो, उपयोग नाही. टोपी किंचित सैल ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट तळाची. नवखा कारागीर सारे लक्ष दर्शनी भागाकडे देतो. अनुभवी परीक्षक वस्तू हातात घेताच आधी पालथी करतो. लेथवर पकडण्यासाठी मारलेल्या स्क्रूची भोके किंवा पकडीचे वळ तळाशी राहिले असतील, तर काम अपुरे ठरते. आमची वाटी पहिल्या वर्षी निवडीत मागे पडली, त्याचे एक कारण हेच होते. पॉलिशपेपर खरखरीतपासून बारीकपर्यंत क्रमाने वापरावा, ८०, १२०, १८०, २४०, ३२० असा. मधली पायरी गाळली, तर तेल लावल्यावर गोल ओरखडे उमटतात. चकचकीत वार्निशचा जाड थर टाळावा. खाण्याच्या वस्तूवर तर खाद्यतेल किंवा मेणच बरे.

तिसरी गोष्ट छायाचित्राची. बहुतेक ठिकाणी पहिली निवड छायाचित्रांवरून होते, म्हणजे वस्तू पोहोचण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. आम्ही पहिल्या वर्षी वाटीचा फोटो वर्गातल्या बाकावर काढला. मागे दिनदर्शिका, बाजूला पाण्याची बाटली आणि फ्लॅशचा पांढरा डाग. दुसऱ्या वर्षी खिडकीजवळ करडी चादर भिंतीपासून टेबलापर्यंत सलग अंथरली, फ्लॅश बंद ठेवला आणि सकाळच्या उजेडात तीन छायाचित्रे काढली. एक समोरून, एक वरून आतला भाग दाखविणारे आणि एक काठाच्या जवळून. वाटी तीच होती. दिसली मात्र वेगळी.

चौथी गोष्ट कागदांची. वस्तूचे शीर्षक, माध्यम, सेंटीमीटरमधील मापे, वर्ष, किंमत किंवा ‘विक्रीसाठी नाही’ हे सर्व नेमके भरावे. ‘माध्यम’ या रकान्यात नुसते ‘लाकूड’ न लिहिता ‘कातीव बाभूळ, तेल-मेणाची झिलई’ असे लिहावे. कामाविषयी चार ओळी मागितल्या असतील, तर स्वतःचे दुःख विकू नये आणि मोठे तत्त्वज्ञानही सांगू नये. लाकूड कोठले, आकार का निवडला, अडचण कोणती आली एवढे पुरते. किंमत ठरविताना लाकूड, वेळ, वीज, हत्यारांची झीज आणि ने-आणीचा खर्च मांडावा, शिवाय विक्रीतून संस्था काही हिस्सा घेते का हे पाहावे. आपली मुले किंमत नेहमी कमी लिहितात. हा संकोच फार जुन्या काळापासून आपल्यात मुरलेला आहे आणि तो जाणीवपूर्वक टाकून दिला पाहिजे.

पाचवी गोष्ट पाठवणीची. वस्तू मऊ कापडात, मग फोमच्या तुकड्यांत आणि दोन खोक्यांत ठेवावी. परत पाठविताना पुन्हा उपयोगी पडेल असेच खोके निवडावे आणि त्याच्या झाकणाच्या आत उघडण्या-बांधण्याचा क्रम लिहून चिकटवावा. पोच घ्यायला विसरू नये.

आणि या सर्वांआधी सुरक्षितता. लेथवर सैल बाही, ओढणी, मोकळे केस, हातातील कडे किंवा दोरा चालत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, लाकडाचा भुसा फुप्फुसांत साठतो. शाळकरी मुलांनी जाणत्या माणसाशिवाय यंत्र सुरू करू नये.

नकार आणि निवड

नकार येणार हे धरूनच चालावे. परीक्षक माणसे असतात आणि त्यांच्या आवडी भिन्न असतात. एका वर्षी बाजूला पडलेले काम दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मंडळाला आवडू शकते. नकाराचे पत्र आल्यावर काम आपल्या समोर ठेवून त्यात काय सुधारता येईल हे पाहावे, आणि मग जे सुधारण्यासारखे नाही ते सोडून द्यावे. मात्र नियमांत बसणारे काम न पाहताच परत केले गेले, तर नम्रपणे, लेखी, नियमाचा क्रमांक देऊन विचारणा करावी. तो आपला हक्क आहे. आम्ही तसे पत्र पाठविले होते. उत्तर आले नाही, पण पत्राची प्रत आम्ही जपून ठेवली आहे.

दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या प्रदर्शनात, वाटी निवडली गेली. पारितोषिक मिळाले नाही. उद्घाटनाच्या दिवशी तो वडिलांना घेऊन गेला. मीही होतो. पांढऱ्या चौथऱ्यावर वाटी आणि खाली छापील चिठ्ठीवर मुलाचे पूर्ण नाव, म्हणजे मधोमध वडिलांचेही नाव. त्यांना वाचता येत नाही. मुलाने बोट ठेवून त्यांना त्यांचे नाव दाखविले. ते बराच वेळ तेथे उभे राहिले. मग मला म्हणाले, ‘तीस वर्षं ऊस तोडला गुरुजी, कुण्या मोळीवर नाव नव्हतं.’

कोयता आणि पटाशी यांतला फरक त्यांनीच असा सांगितला. मला तेव्हा धेनुकाकटचा सामी आठवला, ज्याने आपल्या नावाबरोबर वेणुवासाचेही नाव दगडात ठेवले.

वाटी विकायची नाही असे बाप-लेकाने ठरविले आणि शाळेला भेट दिली. ती कपाटात आहे ती यासाठी, की येथे शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने ती कधीतरी पालथी करून पाहावी. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती अशी कला आहे, मग ती लाकडाची असो, मातीची, कातड्याची वा सुताची, त्यांनी येत्या वर्षी एक तरी प्रवेशिका भरावी ही नम्र विनंती. फॉर्म भरायला, पत्र लिहायला आणि छायाचित्रासाठी करडी चादर द्यायला शाळा तयार आहे. वस्तूवर नाव मात्र ज्याचे त्यानेच लिहायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!